महिन्याभराच्या मांजराच्या पिल्लाला आंघोळ कशी घालावी? सुरुवातीला काय काय सामान आणावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पिल्लू चिपळूणला रस्त्याकडेला सापडलं, त्याला वास येतोय, अंगावर पिसवा आहेत, आणि "घरचे म्हणतात आधी आंघोळ घाल, मगच आत आण. कोणता शाम्पू वापरू?"

घालू नका. शाम्पूचं नाव मी सांगणार नाही. "आधी आंघोळ घाल, मगच आत आण" हे वाक्य वाचलं आणि गॅस बंद करून लिहायला बसले. हेच्या हेच शब्द माझ्या पडवीत बोलले गेलेत.

2011 चा जून. आम्ही गुहागरचे. पुढे रस्ता, मागे आगर, आगर संपलं की समुद्र. मृग लागून चार दिवस झाले होते. सकाळी पडलेल्या झावळ्या गोळा करायला मागे गेले, तर पोफळीची एक विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद होडीसारखं आवरण, उताणी पडून तिच्यात पावसाचं पाणी साठलेलं, आणि त्या पाण्यात काहीतरी हलत होतं. आधी मला बेडूकच वाटला. उचललं तर मांजराचं पिल्लू. मुठीएवढं, चिखलाने माखलेलं, डोळे उघडलेले पण निळसर, पुढचे दात नुकते टोचायला लागलेले. म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांचं असणार. हा हिशेब मला आता येतो, तेव्हा नुसतं "लहान आहे" एवढंच कळत होतं. मांजरीचा पत्ता नव्हता.

आमच्या वन्सं तेव्हा घरी होत्या. मे महिन्यात आंबे-फणसाला आलेल्या, पाऊस लवकर धरला म्हणून राहिलेल्या. त्यांनी पडवीतूनच विचारलं, "ती घाण घेऊन तू माजघरात येणारेस?" मी म्हटलं, पाणी कोमट करून पुसून घेते. बंब विझलेला, गॅसवर पातेलं ठेवलं. ते घेऊन मी बाहेर येईपर्यंत वन्संनी काम उरकलेलं होतं. त्यांचं एक आहे, काम अंगावर घेतलं की चोख. धुण्याच्या दगडावर पिल्लू, हौदातल्या गार पाण्याचे तीन तांबे, धुण्याचा साबण, आणि शेवटच्या तांब्यात पाण्याचं दूध करणारं ते जंतुनाशक झाकणभर. वर म्हणाल्या, "आता कसं स्वच्छ झालं!"

पंचात गुंडाळून ओटीवर ठेवलं. जूनमधला पंचा कसा असतो हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. दोरीवर चार दिवस असतो आणि तरी ओला असतो. ऊन नाही, वीज गेलेली. पिल्लू आधी ओरडत होतं, मग नुसतं कापत होतं. मग कापायचंही थांबलं, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "बघ, निवांत झालं."

निवांत नव्हतं झालं. गारठलेल्या जिवाचं कापणं ऊब न मिळता थांबलं, तर शरीराने हात टेकलेले असतात. मी त्याच्या तोंडात करंगळीचं टोक घातलं. आत गार होतं. बाहेरून ओलं पिल्लू गार लागणारच, पण तोंडाच्या आत गार लागणं हे मी तोवर कधी अनुभवलं नव्हतं. मग मी धावपळ केली, दूध कोमट केलं, कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजलं. दिवेलागणीला गेलं. जास्वंदीखाली पुरलं.

वन्सं म्हणाल्या, "जगणारच नव्हतं ते. मांजरी उगीच टाकत नाही पिल्लू." आणि ते वाक्य तेवढ्यावर राहिलं नाही. दर गणपतीत सगळे जमले की "हिने एक मरकं पिल्लू आणलं होतं बघा" ही गोष्ट निघते, सगळे हसतात, मी मोदकांची उकड मळत असते. पिल्लू सकाळी माझ्या हाताला पंजा मारत होतं हो. मरकं नव्हतं.

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. मांजराच्या अंगाचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा जास्त. महिन्याभराच्या पिल्लाला ते टिकवून धरणं नीट जमत नाही, अंगावर चरबी नाही, आणि लव ओली झाली की होती ती ऊबही जाते. म्हणून आठ आठवड्यांच्या आत आंघोळ नाही. जंतुनाशकाचं तर नावच काढू नका, फिनेलचंही नाही. त्यातली फिनॉलच्या कुळातली द्रव्यं फोडायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तुटपुंजी असते. आपण धुतो, आणि ते अंग चाटून ते सगळं पोटात घेतं.

वास येतोय तर पुसा. जुन्या मऊ साडीचे चौकोन कापा, कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा, आणि एका वेळी एकच भाग : आधी शेपटीखाली, तो कोरडा केला की पाय, मग पोट. मांजरी चाटते तशी हलक्या हाताने. पाणी किती कोमट, तर कोपर बुडवून बघा, तान्ह्या बाळाला बघतो तसं. खिडकी बंद, पंखा बंद.

पिसवांना शाम्पू नको, फणी हवी. उवा काढायची बारीक दातांची लाकडी फणी आजीच्या पेटीत नक्की सापडेल. मानेपासून सुरुवात करा, प्रत्येक ओढीनंतर फणी साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडवा, पिसवा तिथे बुडतात. फणीत काळी बारीक भुकटी आली तर ती ओल्या पांढऱ्या कापडावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिल्लाचंच पचलेलं रक्त. एवढ्याशा जिवाला पिसवा पंडुरोग आणू शकतात, म्हणून हिरड्या बघा. पांढुरक्या असतील तर फणी राहू दे, दवाखाना गाठा. आणि कुत्र्याची गोचीड-पावडर "थोडीशीच" म्हणून लावू नका. त्यांत बऱ्याचदा पर्मेथ्रिन असतं, मांजराला त्याने झटके येतात.

आंघोळ घालावीच लागते असे प्रसंगही आहेत, नाही असं नाही. डिझेल किंवा इंजिनचं काळं तेल अंगाला लागलं तर ते चाटून पोटात जाण्याआधी काढायलाच हवं. तेव्हा भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, पोटाला लागेल इतकंच ऊबदार पाणी, डोकं कोरडं, आणि लगेच दोन कोरडे टॉवेल. फणसाच्या चिकाला पाण्याचा उपयोग शून्य. आमच्या दुसऱ्या पिल्लाने, म्हणजे आताच्या चिंगीने, 2013 च्या मेमध्ये फोडलेल्या बरक्या फणसात उडी घेतली होती. तिला खोबरेल चोळून चीक सोडवला आणि कोमट फडक्याने पुसली. दोन दिवस तिला खोबऱ्याच्या वडीसारखा वास येत होता. वन्सं तेव्हा नव्हत्या.

सामानाचं. दुकानात जाऊन तीन हजारांची पिशवी भरून आणू नका. वाण्याकडचं पुठ्ठ्याचं खोकं, त्यात लोकरीचा जुना स्वेटर, एका कोपऱ्यात गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून. कोपऱ्यातच, म्हणजे उकडलं तर पिल्लाला बाजूला सरकता येतं. उथळ स्टीलची ताटली, खोल वाटी नको. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मात्र हवाच. रोज एकाच वेळी वजन करून कॅलेंडरवर लिहा. दिवसाला साधारण दहा ग्रॅम वाढायला हवं. दोन दिवस काटा हलला नाही तर काहीतरी बिघडलंय, मग पिल्लू कितीही खेळत असो.

शी-शूसाठी दोन-तीन बोटं उंचीचा ट्रे. मी विरी वापरून बघितली होती, छान बसते, पण आठवड्यात कुजते. ओलं झालं की गोळे होणारी विकतची वाळू इतक्या लहानाला नको, ते चघळून बघतात. फाडलेला पेपर चालतो. समुद्राची वाळू फुकट म्हणून आणाल, तर ती खारी असते आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं, पावसात ती कधी सुकतच नाही. गोड्या पाण्यात दोनदा धुऊन उन्हात वाळवलेली चालते. आम्ही मे महिन्यात लाकडं भरतो तेव्हाच एक पोतं वाळूही वाळवून माळ्यावर टाकतो. पावसाळ्याची बेगमी करताना मांजराचं कोणी धरत नाही, धरायला हवं. नखांसाठी खांबाला सुंभ गुंडाळा. पट्टा, घुंगरू, कपडे यातलं काहीही नको.

खाणं : गाईम्हशीचं दूध बहुतेकांना पचत नाही, हगवण लागते, आणि हगवण या वयात आंघोळीइतकीच वाईट. मांजराच्या पिल्लांची दूधपावडर मिळते, ती आणा. महिन्याचं झालंय तर तीत पिल्लांसाठीचं ओलं खाद्य कालवून पातळ खीर द्या. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे "आमच्या आजीची मांजरं दूधभातावर वाढली" हे मी शेकड्याने ऐकलंय. आजीची मांजरं माळ्यावरच्या उंदरांवर वाढली, दूधभात हा जोडधंदा होता. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराला खाण्यातूनच लागतं आणि ते मांसमासळीत असतं. ते नसेल तर पुढे डोळे आणि हृदय बिघडतं. मासळी देत असाल तर शिजवून, काटे काढून, कांदा-लसणीशिवाय. सुकट आणि खारवलेला बांगडा नको, त्यात मीठ फार.

जंताचं औषध आणि लसी डॉक्टर वजन बघून ठरवतील. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, रेबीजची साधारण तीन महिन्यांनी.

आता एक राहिलंय, ते खरं म्हणजे आधी सांगायला हवं होतं. चिंगीला घेऊन मी पहिल्यांदा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टर एका गाभण म्हशीपाशी होते, हात खांद्यापर्यंत आत. तसेच उभ्या उभ्या बोलत होते. मी 2011 ची गोष्ट सांगितली, अर्थात वन्संनी काय केलं तीच. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान न वळवता विचारलं, "गार पडल्यावर तोंडात काही घातलंत?" मी म्हटलं, दूध. ते म्हणाले, "गार पिल्लाला पाजायचं नसतं. आतडी चालत नाहीत त्याची, आणि गिळताही येत नाही, छातीत जातं. आधी अंग गरम करायचं, हळूहळू, आपल्या पोटाशी धरून." एवढं बोलून ते परत म्हशीकडे वळले.

म्हणजे त्या दिवशी शेवटचा हात माझा होता. हे मी वन्संना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी "जगणारच नव्हतं" म्हटलं की मी अजूनही गार पाण्याचे तीन तांबे काढते, बोळ्याचं बोलत नाही. आता त्या डोंबिवलीला स्वतः एक मांजर पाळतात. ते त्यांच्या उशाशी झोपतं आणि त्याला आंघोळ घालत नाहीत. का, ते मी विचारलेलं नाही.

आणखी एक, पिसवा काढताना पिल्लू चावलं किंवा बोचकारलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनचं विचारायला जा. रस्त्यावरचं पिल्लू आहे, लहान आहे म्हणून सोडून देऊ नका.

घरचे तरी ऐकत नसतील, तर खोकं चार आठवडे गॅलरीत ठेवा. पागोळ्या लागणार नाहीत अशा भिंतीकडच्या बाजूला, वरून गोणपाट टाकून, आणि बाटलीतलं पाणी रात्री एकदा उठून बदला.