जर्मनीच्या इंटरव्ह्यूत काय बोलू नको (भुसावळच्या भावाला उत्तर)

भाऊ, तू लिहिलंस की बीई मेकॅनिकल झालंय, जळगाव एमआयडीसीत पाईपच्या प्लांटला मेंटेनन्स बघतोस आणि स्टुटगार्टकडच्या एका कंपनीचा पहिला व्हिडिओ इंटरव्ह्यू लागलाय, तर त्यात काय बोलायचं नाही ते सांगा. मी धरणगावचा, इथं मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि हल्ली अधूनमधून इंटरव्ह्यू घ्यायला मलाच बसवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्वतःबद्दल सांगा म्हटलं की आपली गाडी थेट रावेरला जाते, वडलांची केळी, यंदा भाव नाही, बहिणीचं लग्न, मोठा भाऊ पुण्याला. सगळं खरं असतं हो, पण समोरचा अवघडतो. इथं २००६ पासून भेदभावविरोधी कायदा आहे, धर्म, वंश, लिंग, वय, अपंगत्व यावरून उमेदवार नाकारता येत नाही, म्हणून एचआरवाले असल्या गोष्टींपासून लांबच राहतात आणि आपण स्वतःहून सांगितलं की त्यांची पंचाईत होते. बायोडाटातून वडलांचं नाव, जात, मॅरिटल स्टेटस काढून टाक. त्याऐवजी एक्सट्रूडर (पाईप काढायचं मशीन) रात्री बंद पडला तेव्हा काय तपासलं, किती वेळात चालू केला, ते बोल, त्यांना तेच ऐकायचंय.

तुझी मिसेस पण अप्लाय करणार म्हणालास, तिला हे नीट सांग. प्रेग्नंट आहात का, मूल कधी, हे विचारायची इथं मुभाच नाही, आणि कोणी विचारलंच तर खोटं उत्तर दिलं तरी चालतं, पुढं त्यावरून नोकरी काढून घेता येत नाही, कोर्टानं मानलेली गोष्ट आहे ही. पण कामाच्या आड येणारी गोष्ट असेल, म्हणजे ड्रायव्हिंगचं काम आणि लायसन्सच नाही, तिथं मात्र खरंच बोलायचं. (आल्यावर महापालिकेत पत्ता नोंदवताना धर्म विचारतील, तो चर्चच्या टॅक्सपायी, घाबरू नको.)

जुन्या साहेबाची उणीदुणी नको. कंपाऊंडचा (पाईपच्या कच्च्या मिश्रणाचा) फॉर्म्युला, कस्टमरची नावं तर अजिबातच नको, आज त्यांचं इथं सांगतोय तर उद्या आमचं दुसरीकडे सांगेल, हेच मनात येतं, माझ्या तरी येतं.

पगाराला "तुम्ही द्याल ते" म्हणू नको, इथं तो नम्रपणा धरत नाहीत, तयारी नाही असंच समजतात. इथल्या रुपयातल्या सीटीसीचे युरो करून सांगायचा हिशोबही नको, वर्षाचा ग्रॉस (टॅक्स कापण्याआधीचा) आकडा युरोत सांगायचा. ब्लू कार्डला (शिकलेल्या परदेशी लोकांचा इथं राहायचा-काम करायचा परवाना) २०२५ साली वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागत होता, इंजिनीअरसारख्या तुटवड्याच्या कामांना ४३,७६० च्या आसपास, दर जानेवारीत हे बदलतं, चालू वर्षाचा आकडा बघून त्याच्या वर राहा.

व्हिसाचं रडगाणं सगळ्यात जास्त नडतं. "कसंही करून बाहेर पडायचंय", "पीआर कधी", "कॅनडाचं पण बघतोय" यातलं काही नको. विचारलं तर एका वाक्यात सांग, व्हिसा लागेल, आणि कंपनी तुझ्या वतीनं ४११ युरो भरून फास्ट ट्रॅक प्रोसिजर (व्हिसा लवकर व्हायची) करू शकते, छोट्या कंपन्यांना हे बऱ्याचदा माहीतच नसतं. आणि लगेच जॉइन होतो म्हणून वचन देऊ नको, तीन महिने नोटिस असेल तर तसं सांग, इथंही लांब नोटिसा असतात, कोणी तोंड वाकडं करत नाही.

जर्मन येते त्यापेक्षा वरची लेव्हल लिहू नको, बी-वन (मधली लेव्हल) लिहिलं की मध्येच जर्मनमध्ये प्रश्न येतो. दिवाळीला महिनाभर सुट्टी मिळेल का, हे पहिल्या राउंडला नाही, पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस कायद्यानंच मिळतात, जास्तीचं ऑफर आल्यावर बोल.

कॉलची वेळ जर्मन घड्याळात दिली असेल तर उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. लाईटचा भरवसा नाही, इन्व्हर्टर आणि मोबाईलचं हॉटस्पॉट दोन्ही तयार ठेव, आणि तारीख ठरली की कळव, आदल्या रविवारी फोनवर एकदा प्रॅक्टिस करून घेऊ.