‘गोळ्या घेता ना?’ असं विचारू नका

तुम्ही लिहिलंय की नर्सिंग संपवून नुकतंच गृहभेटींचं काम धरलंय, पण रुग्ण ‘हो-नाही’च्या पुढे बोलत नाहीत, मग त्यांचं नीट ऐकायचं तरी कसं? मी नागपुरात टिमकीकडे आशा सेविका म्हणून फिरते. मला हे एका काकाजींमुळे कळलं.

त्यांचे टीबीचे औषधोपचार सुरू होते, सहा महिन्यांचे. दर भेटीत मी दारातूनच विचारायची, “काकाजी, गोळ्या घेता ना?” ते म्हणायचे, “घेतो ना बाई.” रजिस्टरवर टिक, की पुढचं घर. मे महिन्यात एकदा मला उन्हानं गरगरलं म्हणून पाणी मागितलं आणि खाली बसले. काहीच विचारलं नाही. पंख्याकडे पाहत तेच बोलले, “गोळी खाल्ली का लघवीतून रक्त जाते. मंग बंदच केल्या.” आठ दिवसांच्या गोळ्या पाकिटात तशाच होत्या.

ते रक्त नव्हतं. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधानं लघवी, घाम, डोळ्यांचं पाणीसुद्धा नारंगी-लालसर होतं. मला ते माहीत होतं, पण मी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी तपासून खात्री केली आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. “आधी काऊन नाही सांगितलं?” म्हटलं, तर म्हणाले, “तुमी घाईत राहता.” ते अजून टोचतं.

त्या ‘ना’मध्येच खोट आहे. ‘घेता ना?’ म्हटलं की माणूस ‘हो’च म्हणतो, आपलं मन मोडू नये म्हणून. आता मी म्हणते, “गोळ्या खाल्ल्यावर कसं वाटते, सांगा बरं.” आणि गप्प बसते. सुरुवातीला ते गप्प बसणं फार जड जातं. पहिलं उत्तर बहुतेक वेळा मला बरं वाटावं म्हणून असतं, खरं त्याच्या मागून येतं.

आणि रुग्णाचा शब्द बदलू नका. ‘जीव घाबरते’ म्हणजे कुणाला धाप लागते, कुणाची छाती धडधडते, कुणाला नुसती काळजी असते. आपण लगेच ‘टेन्शन’ लिहून मोकळे होतो. “घाबरते म्हणजे नेमकं काय होते?” एवढंच विचारा.

१९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांची बोलणी तपासली, तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाचं बोलणं तोडत होते. मी तर दारातच तोडत होते.

घरचेच रुग्णाच्या वतीनं बोलत असतील तर रुग्णाकडे पाहून विचारा. रजिस्टर शेवटी उघडा. आणि पाणी दिलं तर बसून प्या.