खऱ्या रोगप्रतिकारक पेशी शरीरात असताना लसीसाठी त्यांची नक्कल करणारे कृत्रिम कण कशाला हवेत?

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. जवळजवळ याच शब्दांत तो 2005 मध्ये आमच्या सरांनी मला सुनावला होता.

मी तेव्हा कुर्ल्याच्या बाजूला एका लहानशा प्रयोगशाळेत कंत्राटावर तंत्रज्ञ होते. काम डेंड्रायटिक पेशींचं. या पेशी जंतूचा किंवा कर्करोगाच्या गाठीचा तुकडा अंगावर वागवतात आणि टी-पेशींना, म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, नेऊन दाखवतात. मग टी-पेशी हल्ल्याला निघतात. एका आजारी आजोबांनी अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. त्यातल्या मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वेगळ्या करायच्या, दोन महागडी प्रथिनं घालून आठवडाभर जपायच्या, तेव्हा कुठे त्यांच्या डेंड्रायटिक पेशी होतात. माझे सहा फ्लास्क होते. पेशींना बारीक झालर फुटलेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसली की मला घरच्या बाळाला दात आल्यासारखा आनंद व्हायचा.

सहावा दिवस उजाडला तो 26 जुलैचा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. दुपारनंतर गाड्या बंद, सर ठाण्याला अडकलेले, प्रयोगशाळेत मी आणि वॉचमन काका. संध्याकाळी वीज गेली. जनरेटर तळमजल्यावर होता, तो पाण्याखाली. इन्क्युबेटरमध्ये 37 अंश तापमान आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो, दोन्ही गेलं. एरवी फ्लास्कची झाकणं सैल ठेवतात, हवा खेळावी म्हणून. मी ती लगेच घट्ट केली. काकांनी त्यांच्या स्टोव्हवर पाणी तापवलं, ते बाटल्यांत भरून फ्लास्कभोवती लावलं आणि सगळं थर्माकोलच्या खोक्यात ठेवलं. दर दोन तासांनी बाटल्या बदलल्या. सकाळी रॉकेल संपलं. वीज आली तिसऱ्या दिवशी. तोवर फ्रीजरमधली प्रथिनंही वितळून वाया गेली होती. ट्रिपॅन ब्लू हा रंग घालून पाहिलं तर निम्म्याहून जास्त पेशी निळ्या, म्हणजे मेलेल्या.

आजोबा तोवर गावी गेले होते, पुन्हा रक्त मागायची सोय नव्हती. सर म्हणाले, झाकणं सैल राहिली, निष्काळजीपणा झाला. मी म्हटलं, सर, तुकडा दाखवायचंच काम असेल तर तो प्लास्टिकच्या सूक्ष्म मण्यावर चिकटवून दाखवूया, मणी मरणार तरी नाही. अशा मण्यांनी टी-पेशी वाढवतात हे आम्ही दोघेही वाचून होतो. ते म्हणाले, “जिवंत पेशी असताना प्लास्टिक कशाला हवं? स्वतःची चूक झाकायला?” दोन महिन्यांनी माझं कंत्राट वाढवलं नाही.

तर तुमचं उत्तर. नुसता तुकडा दाखवून टी-पेशी उठत नाही. सोबत दुसरा इशारा लागतो. तो नसेल तर ती उलट सुन्न पडते. कृत्रिम कणावर हे दोन्ही बसवतात: एचएलए रेणूत (पेशीवरचं, तुकडा धरून दाखवणारं प्रथिन) धरलेला तुकडा आणि दुसऱ्या इशाऱ्याचं प्रथिन. पेशीचं सोंग म्हणजे एवढंच, पण तेवढ्यानं काम होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हे कण पीएलजीएचे केले, म्हणजे शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके असतात त्याच जातीच्या पदार्थाचे. गोल कणापेक्षा लांबट कण टी-पेशींना जास्त चांगलं उठवतो असं तिथे 2014 च्या सुमारास दिसलं, कारण लांबट कणाची सपाट बाजू पेशीला जास्त जागेवर टेकते. ज्याला सर प्लास्टिक म्हणाले, त्याचा नुसता आकार बदलून फरक पडला.

जिवंत पेशींची लस काय मागते तेही पाहा. अमेरिकेत 2010 मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी सिप्युल्युसेल-टी मंजूर झाली. त्यात दर डोसला रुग्णाच्या पेशी काढून कारखान्यात पाठवायच्या, तयार करून परत आणायच्या, असं तीन वेळा. खर्च तेव्हा 93,000 डॉलर, आणि आयुष्य सरासरी चारेक महिन्यांनी वाढलं. ज्या लसीला माणसागणिक कारखाना लागतो ती मुंबईच्या केईएम या सरकारी रुग्णालयाच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोहोचणार नाही, हे माझं ठाम मत आहे. कण एकदा बनवले की सुकवून बाटलीत भरून ठेवता येतात. पाऊस पडो, वीज जावो.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेल्या नेक्सकार19 ला 2023 मध्ये परवानगी मिळाली. ती लस नाही, रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देण्याचा उपचार आहे. पण अशा उपचारांसाठी शरीराबाहेर टी-पेशी जाग्या करून वाढवायला जगभर वापरतात ते मणी म्हणजे याच कल्पनेचं साधं रूप. मणी, सर.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. शरीरात टोचायच्या कणांचं बरंचसं काम अजून उंदरांवरच आहे. एचएलए माणसागणिक वेगळं असतं, त्यामुळे एका प्रकारचा कण सगळ्यांना चालत नाही. जिवंत पेशी स्वतः लसिका ग्रंथीपर्यंत, म्हणजे टी-पेशी जमतात त्या गाठीपर्यंत, चालत जाते, वाटेत परिस्थितीप्रमाणे संदेश सोडते; कणाला ते जमत नाही, इथे सरांचं म्हणणं बरोबर होतं. बाळाच्या नेहमीच्या लसींचा याच्याशी काही संबंध नाही, त्या वेळेवर द्या. आणि डेंड्रायटिक पेशींची लस म्हणून कुणी लाखो रुपये मागत असेल तर मंजुरीचा कागद पाहिल्याशिवाय दागिना मोडू नका.

तुम्ही विद्यार्थी असाल तर वहीत सगळं लिहून ठेवा, वेळेसकट. झाकण सैल असतं तर कार्बन डायऑक्साइड उडून मीडियाचा, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाचा, रंग गुलाबी-जांभळा झाला असता. माझ्या वहीत 27 जुलै, सकाळी साडेसातची नोंद आहे: सहाही फ्लास्क, रंग लालसर केशरी. ते पान सरांनी कधी उघडलं नाही.