बावीस वर्षं विरोधी बाकावर

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

पक्षाच्या युवक शाखेचं पद घेऊ की अर्थशास्त्राचा प्रबंध पुरा करू, असं तू विचारलंस. आणि शेवटी हळूच एक ओळ टाकलीस: सत्ता आलीच नाही तर ही सगळी वर्षं फुकट गेली म्हणायची का? तुला खरं तर हेच विचारायचं होतं. म्हणून स्वीडनच्या बर्टिल ओहलीन यांच्याबद्दल लिहितो.

देशादेशांतल्या व्यापाराबद्दलचा हेक्शर-ओहलीन सिद्धांत तू पाठ केलायस, त्यातलेच हे ओहलीन. जन्म १८९९चा, दक्षिणेकडच्या क्लिप्पान गावचा. पंचविशीत कोपनहेगनला प्राध्यापक. १९२९ साली, जर्मनीला पहिल्या महायुद्धाची भरपाई कितपत झेपेल यावर त्यांनी थेट विख्यात ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सशी वाद घातला, आणि तो वाद आजही शिकवला जातो. परीक्षेत न येणारा भाग यापुढचा आहे. १९४४ मध्ये ते फोल्कपार्तिएत या उदारमतवादी पक्षाचे नेते झाले, ते १९६७पर्यंत. एवढ्या काळात मंत्रिपद मिळालं एकदाच, तेही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या संयुक्त सरकारात, व्यापार खात्याचं, जेमतेम वर्षभर. पंतप्रधानपद कधीच नाही.

१९४८ला ते जवळ आलंसं वाटलं होतं. पक्षाच्या जागा २६वरून ५७ झाल्या, पण सोशल डेमोक्रॅट पक्षाचे पंतप्रधान टागे एर्लांडर टिकले, आणि पुढे १९६९पर्यंत टिकलेच. मंदीत सरकारने खर्च वाढवून बेकारांना काम द्यावं, हे ओहलीन तिशीच्या दशकापासून मांडत होते. सत्ताधारीही तेच करत होते. मग मतदाराला वेगळेपण दाखवायचं कसं? माझ्या मते त्यांची खरी अडचण ही होती. बाजारपेठ मोकळी हवी आणि दुबळ्यांना सरकारचा आधारही हवा, ही भूमिका सभेत टाळ्या मिळवणारी नव्हे.

आता पेन्शनचा वाद. हा नीट वाच. कारखान्यातल्या कामगारालाही पगाराच्या प्रमाणात जादा पेन्शन मिळावी, आणि ती योजना सर्वांना सक्तीची असावी, असं सोशल डेमोक्रॅट म्हणत होते. ओहलीन म्हणत, पेन्शन हवीच, पण ऐच्छिक. नाहीतर प्रचंड निधी सरकारच्या हाती एकवटेल. युक्तिवाद पोकळ नव्हता. १९५७मध्ये सार्वमत झालं, तीन पर्याय होते, कुणालाच निम्म्याहून अधिक मतं पडली नाहीत. पुढच्या वर्षी मुदतपूर्व निवडणूक झाली आणि ओहलीन यांचा पक्ष ५८वरून ३८वर आला. सभागृह बरोबर निम्मं-निम्मं दुभंगलं. १९५९च्या मे महिन्यात मतदानाच्या वेळी त्यांच्याच पक्षाचे टूरे कोनिग्सन तटस्थ राहिले. गोथेनबर्गच्या जहाजबांधणी कारखान्यातला हा कामगार. विधेयक ११५ विरुद्ध ११४ असं मंजूर झालं.

पक्षाच्या लोकांना कोनिग्सन यांचा राग आला असणार, हे समजू शकतं. मला मात्र वाटतं, त्या पक्षात ज्याला आधी विचारायला हवं होतं तो माणूस हाच. कारकुनाला म्हातारपणी पेन्शन आणि आपल्याला नाही, हे वर्षानुवर्षं बघणाऱ्याला निधीच्या धोक्याचं गणित कुठवर पटणार? ओहलीन यांच्याकडे हिशेब पक्का होता. त्या कारखान्यातून तो कसा दिसतो, हे कोनिग्सन यांना ठाऊक होतं.

तरी वर्षं फुकट गेली असं मी म्हणणार नाही. सत्ताधाऱ्यांना प्रत्येक आकड्याचा जाब द्यावा लागत होता, कारण समोर आकडे कळणारा माणूस बसला होता. तो तसा राहिला, कारण त्याने आपली विद्या सोडली नाही. स्टॉकहोमच्या अर्थशास्त्र संस्थेतली प्राध्यापकी ओहलीन यांनी १९६५पर्यंत सांभाळली, वर्तमानपत्रांत लेख लिहिले. १९७७मध्ये जेम्स मीड यांच्यासोबत नोबेल मिळालं, ते १९३३च्या आसपासच्या कामासाठी. (लेक आन विब्ले १९९१मध्ये स्वीडनची पहिली महिला अर्थमंत्री झाली. वडिलांना अर्थखातं कधी मिळालं नाही, ते तिला मिळालं. पण नेमकं बँका कोसळण्याच्या काळात.)

तेव्हा प्रबंध सोडू नकोस. दोन वर्षं जास्त लागली तर लागू देत. आणि पद घ्यायच्या आधी तुमच्या अध्यक्षांना एक विचार: एखाद्या ठरावावर मला पक्षाविरुद्ध मत द्यावंसं वाटलं, तर आधी माझं ऐकून घ्याल का? उत्तर सरळ आलं तर पद घे. हसण्यावारी नेलं, तर सध्या ग्रंथालयात बस. काय म्हणाले ते कळव.

तुझा,
काका