गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येतंय, बाळाला धोका आहे का?

पत्नीला पाचवा महिना, ब्रश केला की बेसिनमध्ये लाल थुंकी, आणि हिरड्यांतले जंतू वारेपर्यंत, म्हणजे प्लॅसेंटापर्यंत, पोचतात हे वाचून तुम्ही धास्तावलात. मी दातांची डॉक्टर आहे. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

2010 मध्ये अमेरिकेतल्या यिपिंग हान आणि सहकाऱ्यांनी एक केस प्रसिद्ध केली. दिवस भरलेलं बाळ पोटातच गेलं होतं. त्याच्या फुप्फुसात आणि जठरात फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जंतू सापडला, आणि नेमका तोच आईच्या हिरडीखालच्या थरात मिळाला. योनिमार्गात मात्र नाही. तेव्हा तो रक्तातूनच गेला असणार. याच्या अंगावर फॅड-ए नावाचं प्रथिन असतं, त्याने तो रक्तवाहिनीच्या पेशींना चिकटतो आणि त्यांच्यामधले सांधे सैल करतो. पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस हा दुसरा. प्रयोगशाळेत तो वारेच्या पेशींत शिरतो, त्यांची वाढ थांबवतो, काही मारतोही. पण बशीतल्या पेशी वेगळ्या आणि बाईचं पोट वेगळं.

आता उरलेलं अर्धं. 2006 मध्ये अमेरिकेतच 823 गरोदर बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांच्या हिरड्यांवर गरोदरपणात उपचार केले, बाकीच्यांच्या बाळंतपणानंतर. हिरड्या सुधारल्या, पण 37 आठवड्यांआधीची बाळंतपणं 12 टक्के आणि 12.8 टक्के, जवळपास सारखीच. माझ्या मते तोवर उशीर झालेला असतो; हिरड्यांचं दुखणं वर्षानुवर्षं मुरलेलं. दिवस राहण्याआधीच तपासून घेणं शहाणपणाचं.

मग आत्ता सफाई करायची का? जरूर करा. त्या चाचणीत उपचारांमुळे काही अपाय दिसला नाही, आणि चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा. रक्त येण्यामागे बहुतेकदा हार्मोन्समुळे सुजलेल्या हिरड्या आणि साठलेलं कीटण असतं, त्यामुळे बाळाची काळजी करत रात्री जागवू नका. दातांच्या डॉक्टरांना कितवा महिना ते आधीच सांगा, सोनोग्राफीची फाइल सोबत न्या.

आणि रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका. माझ्याकडे आलेल्या सातव्या महिन्यातल्या एका ताईंनी तो सोडून मिश्री धरली होती. तर्जनीचं टोक काळं, हिरड्या तशाच सुजलेल्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिचं निकोटीन बाळापर्यंत जातं. त्यांना मऊ ब्रश दिला आणि मिश्रीची डबी माझ्याकडे ठेवून घेतली.