‘जिवंत’ आणि ‘नियंत्रित’: एकाला झाकून दुसरा काढू नका

प्रश्न असा आहे: संक्रमण धातूंच्या उत्प्रेरकांनी केलेल्या बहुवारिकीकरणावरचा (पॉलिमरायझेशन, म्हणजे लहान रेणू जोडून लांब साखळी करणं) लेख मराठीत आणायचा आहे. त्यातल्या ‘लिव्हिंग’ला सजीव म्हणावं, जिवंत की नियंत्रित? मूळ लेखात ‘कंट्रोल्ड’ही आहे, तर दोन्हींसाठी एकच शब्द चालेल का?

‘सजीव’ आधी बाद करा. वाचक पेशी आणि जिवाणूंकडे वळेल. ‘जिवंत’ चपखल बसतो, कारण मराठीत काडतूसही जिवंत असतं: उडालेलं नाही, पण उडू शकतं. इथे एकवारिक (मोनोमर, म्हणजे साखळीत जोडला जाणारा लहान रेणू) संपलं तरी साखळीचं टोक शाबूत राहतं आणि नवं एकवारिक घातलं की वाढ पुढे सुरू होते. मायकेल श्वार्त्स यांनी १९५६ साली स्टायरिनच्या ॲनायनिक (साखळीचं टोक ऋणभारित असलेल्या) बहुवारिकीकरणात हे दाखवलं. व्याख्याही तीच राहिली: साखळीची समाप्ती नाही आणि साखळी-स्थानांतरही नाही, म्हणजे एका साखळीची वाढ थांबून ती दुसऱ्या रेणूवर सुरू होत नाही.

‘नियंत्रित’ हे मात्र वेगळंच प्रकरण. त्यात साखळ्यांची लांबी आधी ठरवता येते आणि सगळ्या जवळपास सारख्या निघतात. एक गुण असून दुसरा नसणं सहज शक्य आहे. नॉर्बोर्निनचं वलय उघडून बहुवारिकीकरण करताना ग्रब्ज यांचा दुसऱ्या पिढीचा रुथेनियम उत्प्रेरक घेतला, तर प्रारंभ मंद आणि वाढ जलद होते. आधी सुटलेल्या साखळ्या बहुतेक एकवारिक फस्त करतात; टोकं जिवंत असली तरी लांबीचा मेळ नाही. पिरिडीन लिगँड (धातूला जोडलेला रेणू) असलेला तिसऱ्या पिढीचा उत्प्रेरक पटकन सुरू होतो, म्हणून तिथे दोन्ही शब्द शोभतात.

तांब्याच्या एटीआरपीत (अणू-स्थानांतर मूलक बहुवारिकीकरणात) उलटं घडतं. १९९५ पासून गाजलेल्या या पद्धतीत बहुतेक साखळ्या ब्रोमिन लावून सुप्त असतात. तांबं (१), म्हणजे +१ भाराचं तांबं, तो ब्रोमिन काढतं, तांबं (२) परत देतं. कोणत्याही क्षणी मोजकेच मूलक (रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेली सक्रिय टोकं) मोकळे असतात, पण दोन मूलक भेटले की काही साखळ्या मरतातच. म्हणून आयुपॅकने (रसायनशास्त्रातल्या संज्ञा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) २०१० मध्ये इथे ‘लिव्हिंग’ टाळायला सांगितलं. मराठीत ‘व्युत्क्रमी निष्क्रियण मूलक बहुवारिकीकरण’ म्हणावं लागेल. जड आहे, पण खोटं नाही. एटीआरपी हा त्याचाच एक प्रकार, म्हणून पहिल्यांदा पूर्ण लिहा, पुढे एटीआरपी पुरे.

लेखातला दावा तपासूनच शब्द निवडा. समजा स्टायरिन, प्रारंभक (साखळी सुरू करणारा) इथाइल २-ब्रोमोआयसोब्युटिरेट, तांबं (१) ब्रोमाइड आणि पीएमडीईटीए लिगँड १००:१:१:१ या मोल प्रमाणात, ११० अंश सेल्सिअसला आहेत. ६० टक्के रूपांतराला अपेक्षित रेणुवस्तुमान ६० × १०४ (स्टायरिनचं) + १९५ (प्रारंभकाचं), म्हणजे सुमारे ६,४००. मोजलेला आकडा याच्या आसपास आणि डिस्पर्सिटी (साखळ्यांच्या लांबीतली तफावत; सगळ्या सारख्या असतील तर १) १.१–१.३ असेल, तर ‘नियंत्रित’ बिनधास्त लिहा. आकडा बराच जास्त आला तर बहुधा प्रारंभकाचा काही भाग वाया गेलेला असतो. तांबं (१) ब्रोमाइड पांढरं हवं. हिरवट झाक म्हणजे ऑक्सिडीकरण झालेलं, आणि अभिक्रिया रेंगाळते. गोठवा-निर्वात करा-वितळवा हे चक्र साधारण तीनदा करून ऑक्सिजन काढतात, तोही याचसाठी.

जिवंतपणाला एक आलेख पुरत नाही, आणि अनुवादक इथेच फसतात. उरलेल्या एकवारिकाचा लॉगरिदम वेळेसोबत सरळ रेषेत गेला, तर सक्रिय टोकांची संख्या स्थिर आहे एवढंच कळतं. स्थानांतर त्यात दिसत नाही. रेणुवस्तुमान रूपांतरासोबत सरळ वाढलं, तर स्थानांतर नाही असं म्हणता येतं; समाप्ती मात्र लपून राहते. सगळ्यात बोलकी कसोटी म्हणजे दुसरं एकवारिक घालणं. जीपीसीवर (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या चाचणीत) अख्खं शिखर जास्त वस्तुमानाकडे सरकलं तर टोकं जिवंत. जुन्या जागी उंचवटा उरला तर तेवढ्या साखळ्या मृत.

शिवाय ‘नियंत्रित’ एकटा सोडू नका. कशाचं नियंत्रण, ते लिहा. झिग्लर-नाट्टा उत्प्रेरकाने केलेल्या पॉलिप्रोपिलीनमध्ये मिथिल गटांची दिशा नियंत्रित असते, लांबी नाही. तिथे हायड्रोजन वायू घालून मुद्दाम साखळी-स्थानांतर घडवतात. त्याला ‘विन्यास-नियंत्रित’ म्हणा.

अभिक्रिया मुद्दाम थांबवण्याला ‘समाप्ती’ नको, ‘थांबवणी’ बरी. रुथेनियमला इथाइल व्हिनाइल ईथर घालतात, तांब्याला नुसती हवा लागू देतात. तांब्याची सुप्त टोकं त्यानंतरही ब्रोमिन धरून असतात, म्हणून अशा साखळ्यांना ‘मृत’ म्हणू नये.