ताम्हिणीच्या ओढ्यावर दिसलेला हिरवा, चमकत्या पंखांचा कीटक कोणता?

ही टाचणी आहे, म्हणजे चतुराच्याच नात्यातला सडपातळ कीटक, चतुर नाही. चतुर पंख आडवे पसरून बसतो. तुमच्या फोटोत ते पाठीवर मिटलेले आहेत. फोटो हललाय, पण ‘बसल्यावर पंख काळपट, उडताना एकदम मोरपंखी’ असं तुम्ही लिहिलंत, त्यातच उत्तर आलं. हा न्यूरोबेसिस चायनेन्सिसचा नर, म्हणजे स्ट्रीम ग्लोरी. नावातल्या चीनवर जाऊ नका, ते स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली ठेवलंय. सह्याद्रीत ही अस्सल इथलीच.

पुढचे पंख पारदर्शक. सगळी करामत मागच्या पंखांत, तीही फक्त वरच्या बाजूला. मिटले की खालची काळपट तपकिरी बाजू तेवढी दिसते. पंखाच्या अतिपातळ थरांवरून प्रकाश परततो, त्यातून हा हिरवा तयार होतो. म्हणूनच कोन बदलला की तो निळ्याकडे झुकतो. मादीकडे हा थाट नाही: पंख पिवळट तपकिरी, मागच्या पंखांवर पांढरे ठिपके.

घोळ होतो तो फॉरेस्ट ग्लोरी या दुसऱ्या टाचणीशी. अंग तसंच चकचकीत हिरवं, पण चारही पंख काचेसारखे. पंखाच्या टोकाजवळचा गडद ठिपका बघा, असं नवख्यांना सांगतात. इथे तो कामाचा नाही, दोन्हींच्या नरांना तो नसतोच. त्यापेक्षा बैठक बघा. स्ट्रीम ग्लोरीचा नर वाहत्या पाण्यातल्या, ऊन पडलेल्या दगडावर बसतो, दुसरा नर आला की त्याला हुसकावतो आणि पुन्हा जागेवर येतो. फॉरेस्ट ग्लोरी काठच्या झुडपांत, सावलीत, बऱ्याचदा घोळक्याने. एकाच ओढ्यावर दोन्ही सापडू शकतात, पण जागांची अदलाबदल क्वचितच.

पुण्यात पाषाण तलावावर स्ट्रीम ग्लोरीला शोधत बसू नका. हिची पिल्लं वाहत्या पाण्यात, काठाच्या बुडालेल्या मुळांना धरून वाढतात. साचलेलं पाणी त्यांना चालत नाही. शहरातल्या डबक्यांवर दिसते ती बहुतेक गोल्डन डार्टलेट ही वेगळी टाचणी, तिला काहीही चालतं.

पुन्हा गेलात तर नर बसतो तो दगड हेरा आणि आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे बसा. उडाला तर मागे धावू नका. परत येऊन बसताना तो क्षणभर पंख उघडतो, तेव्हा शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवून बर्स्टवर, म्हणजे सलग फोटो घ्या.